बलून-आधारित आकाशक

बलून-आधारित आकाशक : रेडिओ तरंगांच्या प्रेषणासाठी किंवा ग्रहणासाठी लागणारी लांब तार मनोऱ्यावर न टांगता जमिनीशी दोरीने बांधलेल्या बलूनच्या (बद्ध बलूनच्या) आधाराने हवेत उंच धरून ठेवली असता तिला बलून-आधारित आकाशक असे म्हणतात. वारा पुरेसा असल्यास हेच काम पतंगाकडून करून घेतात. बलून शांत हवेत व पतंग वाऱ्यात उपयोगी पडत असल्याने ही दोन साधने बिनतारी संदेशवहनाच्या आरंभापासून जोडीने वापरली गेली आणि त्यांचा इतिहासही एकत्रच सांगावा लागतो. थोड्या खर्चात व थोड्या वेळात मोठी उंची मिळणे, हा या आकाशकाचा गुण होय. परंतु जो वारा तार उचलतो वा जी हवा बलूनला तोलून धरते, तीच तार हलविते, तोडते व विद्युत् भारितही करते. त्यामुळे या आकाशकाचा इतिहास हा उंची गाठण्याच्या प्रयत्नांचा जितका आहे, तितकाच त्या उंचीबरोबर येणारा धोका ओळखून तो आटोक्यात आणण्याचाही आहे. आज या पद्धतीचा वापर मुख्यत्वे हौशी रेडिओ प्रेषक करतात.

तत्त्व : जमिनीवर उभ्या असलेल्या तारेची लांबी तरंगलांबीच्या सु. एक-चतुर्थांश असेल, तर ती प्रेषकाकडून मिळणारी ऊर्जा कार्यक्षमतेने अवकाशात पाठविते. १४ मेगॅहर्ट्झ या कंप्रतेला (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येला) ही लांबी सु. ५ मी. भरते व घराच्या छपरावरील काठीनेही काम भागते. १.८ मेगॅहर्ट्झला ती सु. ४२ मी., ५०० किलोहर्ट्झला १५० मी. आणि १३७ किलोहर्ट्झला सु. ५४७ मी. होते. याहून आखूड तार गुंडाळीच्या मदतीने त्याच कंप्रतेला मेळवून घेता येते, पण त्यात ऊर्जा वाया जाते. आखूड आकाशकाचा प्रारण रोध (अवकाशात जाणाऱ्या ऊर्जेचे माप असलेला रोध) त्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे उंची निम्मी केल्यास तो एक-चतुर्थांश होतो आणि प्रेषकाची बरीचशी शक्ती गुंडाळीत व जमिनीत उष्णतारूपाने नाहीशी होते. म्हणूनच दीर्घ तरंगलांबीवर काम करणाऱ्यास उंचीचे आकर्षण असते.

सर्वसाधारण तापमानास व दाबास १ घ. मी. हीलियम सु. १ किग्रॅ. आणि तितकाच हायड्रोजन सु. १.१ किग्रॅ. वजन उचलू शकतो. १ मिमी. व्यासाच्या तांब्याच्या तारेचे वजन मीटरला सु. ७ ग्रॅ. असते, ४० मी. तार सु. २८० ग्रॅ. भरते. १ मी. व्यासाच्या गोल बलूनमध्ये जेमतेम अर्धा घ. मी. वायू मावतो. त्याचे आवरण, दोरी व तार यांचे वजन वजा केल्यास उचलशक्ती जवळजवळ उरत नाही. व्यास दुप्पट केल्यास घनफळ आठपट, म्हणजे सु. ४.२ घ. मी. होते आणि शांत हवेत तार व्यवस्थित उभी राहते.

वारा सुटताच हे गणित बदलते. बलूनची उचलशक्ती ठराविक असते, पण वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २ मी. व्यासाच्या गोल बलूनवर सेकंदाला ५ मी. वेगाच्या वाऱ्याची ओढ सु. २ किग्रॅ. वजनाइतकी असेल, तर वेग दुप्पट होताच ती सु. ८ किग्रॅ. होते. उचलशक्ती ३ किग्रॅ. उरली असेल, तर पहिल्या वाऱ्यात दोरी उभ्या रेषेपासून सु. ३४ अंश आणि दुसऱ्या वाऱ्यात सु. ७० अंश कलते. अशा वेळी बलून उंच न राहता वाऱ्याच्या दिशेला जमिनीजवळ येतो आणि त्याच्याबरोबर तारही येते. पतंगाची स्थिती नेमकी उलट असते : वारा वाढला की त्याची उचलशक्ती वाढते व वारा पडला की तो खाली येतो.

पूर्वेतिहास : उंच हवेत नेलेल्या तारेत विद्युत् उतरते, ही गोष्ट रेडिओ तरंगांच्या शोधाच्या शंभराहून अधिक वर्षे आधीपासून माहीत होती. फ्रान्समधील नेराक येथे झाक द रोमा यांनी १७५३ मध्ये दोरीवर तांब्याची तार गुंडाळून पतंग उडविला आणि तिच्या खालच्या टोकाजवळ मोठ्या ठिणग्या पाडून दाखविल्या. दोरीचे शेवटचे टोक त्यांनी कोरड्या रेशमाचे ठेवले होते. हातात येणारा भाग विद्युत् निरोधक असावा, हा नियम येथे पाळला गेलेला दिसतो. त्याच वर्षी सेंट पीटर्झबर्ग येथे गेओर्ख व्हिल्हेल्म रिखमान हे शास्त्रज्ञ घरातील उपकरणाला जोडलेल्या उंच लोखंडी गजाचे निरीक्षण करीत असताना तडिताघाताने मृत्यू पावले. उंच धातूशी जोडलेल्या उपकरणाजवळ मेघगर्जनेच्या वेळी थांबू नये, हा धडा या घटनेने कायमचा दिला.

अमेरिकेतील दंतवैद्य महलॉन लूमिस यांनी १८६६ मध्ये व्हर्जिनियातील ब्लू रिज पर्वताच्या परिसरात दोन शिखरांवरून तारेच्या दोरीचे पतंग उडविले. एका तारेचा जमिनीशी असलेला संपर्क जोडता-तोडता दुसऱ्या तारेला जोडलेल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला, असे त्यांनी नमूद केले आहे. या योजनेचे एकस्व (पेटंट) त्यांना १८७२ मध्ये मिळाले. वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतेचा साठा असून दोन उंच तारा त्यातून एकमेकींशी जोडल्या जातात, अशी त्यांची कल्पना होती. प्रयोगाला स्वतंत्र पुरावा नसल्याने लूमिस यांच्याकडे रेडिओ संदेशवहनाचे जनकत्व दिले जात नाही. मात्र ज्या वातावरणीय विद्युतेवर त्यांची सारी भिस्त होती, तिलाच पुढे या आकाशकाचा मोठा उपद्रव म्हणून ओळखण्यात आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पहिले प्रयोग : गूल्येल्मो मार्कोनी यांनी मे १८९७ मध्ये ब्रिस्टल खाडीवर केलेल्या प्रयोगांच्या वेळी शार्लोटेनबुर्ख येथील तंत्रविद्यालयाचे प्राध्यापक आडोल्फ स्लाबी उपस्थित होते. जर्मनीस परतल्यावर स्लाबी यांनी पॉट्सडॅम परिसरात आधी चर्चच्या मनोऱ्यावरून प्रयोग केले. अंतर वाढवायचे तर उंची वाढविणे आवश्यक आहे, हे लक्षात आल्यावर त्यांनी सैन्याच्या बलून दलाची मदत घेतली. ऑक्टोबर १८९७ मध्ये बर्लिनजवळील शनबर्ख व रांग्सडॉर्फ या सु. २१ किमी. अंतरावरील दोन ठिकाणी बद्ध बलूनच्या साहाय्याने सु. ३०० मी. लांबीच्या तारा हवेत धरून त्यांनी संदेशवहन यशस्वी केले. त्या काळच्या मानाने हे अंतर मोठे होते. एवढ्या उंचीचे मनोरे उभारणे तेव्हा कोणालाच परवडण्यासारखे नव्हते.

साधा गोल बलून वाऱ्यात गिरक्या घेतो व खाली दबतो, हा दोष सैनिकी निरीक्षणाच्या कामातही जाणवत होता. त्यावर उपाय म्हणून आउगुस्ट फोन पार्झेव्हाल व हान्स बार्ट्श फोन झिख्सफेल्ट यांनी १८९०–१९०० या दशकात लांबट आकाराचा, शेपटीला हवेची पिशवी असलेला पतंग-बलून तयार केला. तो वाऱ्याला तोंड देऊन कलता उभा राही व वाऱ्यापासूनच थोडी जादा उचलशक्ती मिळवी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आल्बेअर काको यांनी शेपटीला तीन फुगीर पंख लावून हा आकार अधिक स्थिर केला.

दक्षिण आफ्रिकेतील अनुभव : १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेल्या बोअर युद्धासाठी मार्कोनी यांच्या कंपनीचे तंत्रज्ञ बिनतारी संच घेऊन गेले. हे संच जहाज व किनारा यांच्या दरम्यान वापरावयाचे, अशी मूळची कल्पना होती, पण ते अंतर्भागात नेण्यात आले. तेथे आकाशक उभारण्यासाठी योग्य खांब मिळेनात. तेव्हा बेडन बेडन-पॉवेल व कॅप्टन केनेडी या सेनाधिकाऱ्यांनी हाती येईल त्या साहित्यातून पतंग तयार केले. यांपैकी बेडन-पॉवेल हे बालवीर चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचे बंधू असून माणूस उचलून नेऊ शकणारे पतंग त्यांनी १८९४ मध्येच उडविले होते.

या प्रयोगांचे फलित मार्कोनी यांनी फेब्रुवारी १९०० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात सांगितले. वारा इतका बेभरवशाचा होता की, एका ठाण्यावर पतंग उडत असताना ज्या दुसऱ्या ठाण्याशी बोलावयाचे तेथे पतंग उचलण्याइतकाही वारा नसे. संदेशवहनाला दोन टोके लागतात आणि दोन्ही टोकांना एकाच वेळी अनुकूल वारा मिळण्याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही, हा या साधनाचा मूलभूत दोष येथे उघड झाला. पुढे त्याच वर्षी हे संच नौदलाकडे देण्यात आले. जहाजांच्या उंच डोलकाठ्यांवर तारा टांगताच तेच संच समाधानकारक काम देऊ लागले.

सिग्नल हिल (१९०१) : बलून व पतंग यांच्या आधारावरील आकाशकाचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग अटलांटिकपार पहिला रेडिओ संकेत ग्रहण करण्याच्या प्रयत्नात झाला. इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पोल्डू येथे मार्कोनी यांनी सु. ६० मी. उंचीच्या २० डोलकाठ्यांचे कडे उभारले होते. १७ सप्टेंबर १९०१ रोजी वादळात ते कोसळले. अमेरिकेतील केप कॉड येथे उभारलेले तसेच कडेही नोव्हेंबरमध्ये पडले. नवे मनोरे बांधण्यास वेळ नव्हता. तेव्हा पोल्डू येथे दोन खांबांवर तात्पुरता आकाशक लावण्यात आला आणि ग्रहणासाठी अमेरिका खंडातील युरोपला जवळच्या भूभागावर, म्हणजे न्यू फाउंडलंडला, पतंग व बलून घेऊन जाण्याचे ठरले.

जॉर्ज केंप व पर्सी पॅजेट या दोन साहाय्यकांसह मार्कोनी ६ डिसेंबर १९०१ रोजी सेंट जॉन्झ येथे पोहोचले. बंदराच्या तोंडावरील सिग्नल हिल या टेकडीवरील एका जुन्या सैनिकी इमारतीत त्यांनी ग्राही मांडला. सामानात सु. ४.३ मी. व्यासाचे दोन बलून व बेडन-पॉवेल पद्धतीचे सहा पतंग होते. ११ डिसेंबर रोजी हायड्रोजनने भरलेला बलून चढविण्यात आला, परंतु वाऱ्याच्या झोताने दोर तुटून तो समुद्राकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी वारा आणखी जोराचा होता. पहिला पतंग तारेसह गेला, दुसरा सु. १५० मी. तार घेऊन वर राहिला, तथापि तो सतत वर-खाली होत होता.

या हालचालीचा परिणाम केवळ यांत्रिक नव्हता. तारेची उंची व कल बदलला की तिची जमिनीच्या संदर्भातील विद्युत् धारकता बदलते आणि तिला मेळविलेल्या मंडलाचा मेळ बिघडतो. मार्कोनी यांनी आणलेला सुधारित, मेळजुळणीचा ग्राही त्यामुळे निरुपयोगी ठरला. त्यांना तो बाजूला ठेवून पाऱ्याचा स्वयंपुनःस्थापक अभिज्ञातक व दूरध्वनीचे श्रवणयंत्र एवढ्याच साध्या साधनांवर विसंबावे लागले. पाऱ्याच्या अशा अभिज्ञातकाचे वर्णन जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे केले होते व मार्कोनी यांनी वापरलेल्या अभिज्ञातकाचे मूळ त्यात असल्याचे काही संशोधकांनी दाखविले आहे. १२ डिसेंबर रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास मार्कोनी यांना व नंतर केंप यांना मॉर्स लिपीतील ‘एस’ या अक्षराचे तीन बिंदू क्षीणपणे ऐकू आले.

सु. ३,५०० किमी. अंतरावरून आलेला हा संकेत कागदी पट्टीवर उमटला नव्हता. तो ऐकणारे दोघेच होते आणि दोघेही एकाच पक्षाचे होते. दिवसाच्या वेळी त्या तरंगलांबीचे तरंग इतके दूर पोहोचणे अवघड असते, हे आता ज्ञात आहे. त्यामुळे त्यांनी खरोखर संकेत ऐकला की वातावरणीय विद्युतेचा कडकडाट, याविषयी तज्ञांत आजही मतभेद आहेत. हेलकावणारा पतंग नसता तर अधिक चांगला ग्राही वापरता आला असता व पुरावाही अधिक भक्कम राहिला असता. उंची पतंगाने दिली, परंतु निश्चितीही त्यानेच हिरावली, असे या प्रयोगाविषयी म्हणता येते. हीच उणीव भरून काढण्यासाठी मार्कोनी यांनी फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ या जहाजाच्या डोलकाठ्यांवर स्थिर आकाशक लावला. त्यावर रात्रीच्या वेळी सु. २,५०० किमी. अंतरापर्यंतचे संदेश पट्टीवर नोंदले गेले आणि दिवसा ही मर्यादा सु. १,१०० किमी. एवढीच असल्याचे आढळले.

यानंतर कायमच्या ठाण्यांसाठी पोलादी मनोऱ्यांचा मार्ग स्वीकारला गेला. पतंग व बलून प्रयोगापुरते किंवा अडचणीपुरते उरले. १९१० मध्ये ‘प्रिन्सिपेस्सा माफाल्दा’ या जहाजातून अर्जेंटिनाला जाताना मार्कोनी यांनी पुन्हा पतंगावरील तारेचा उपयोग केला व आयर्लंडमधील क्लिफ्डन ठाण्याचे संकेत दक्षिण अमेरिकेपर्यंत ऐकले.

दुसरे महायुद्ध : समुद्रात उतरावे लागलेल्या वैमानिकांसाठी जर्मनीने हाताने फिरवावयाच्या जनित्रावर चालणारा एक लहान प्रेषक तयार केला होता. तो ब्रिटिशांच्या हाती पडल्यावर त्या धर्तीवर अमेरिकेत ‘एससीआर-५७८’ हा संच बनविण्यात आला. मध्यभागी निमुळत्या आकारामुळे तो ‘गिब्सन गर्ल’ या नावाने ओळखला जाई. तो ५०० किलोहर्ट्झ या आंतरराष्ट्रीय संकट-कंप्रतेवर आपोआप संकटसंदेश पाठवी. त्यासाठी सु. ९० मी. तार लागे आणि रबरी तराफ्यावर खांब उभारणे शक्य नसल्याने संचाबरोबर पेटीच्या आकाराचा पतंग व बलून ही दोन्ही साधने दिलेली असत. वारा असल्यास पतंग व नसल्यास बलून वापरावा, अशी सूचना असे. बलूनसाठी लागणारा हायड्रोजन लिथियम हायड्राइड या रसायनाची पाण्याशी विक्रिया करून जागच्या जागी निर्माण केला जाई. दक्षिण आफ्रिकेत उघडा पडलेला दोष येथे दोन्ही साधने एकत्र देऊन बऱ्याच अंशी दूर करण्यात आला.

सुटलेला बलून व त्यामागून ओढली जाणारी तार काय करू शकते, हेही याच युद्धात दिसून आले. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री ब्रिटनमधील विमानरोधक बलूनपैकी काही वादळात सुटून उत्तर समुद्रापलीकडे गेले. त्यांच्या लोंबत्या पोलादी दोरांमुळे स्वीडन व डेन्मार्कमधील विद्युत् तारांचे व रेल्वेचे नुकसान झाले आणि स्वीडनमधील आंतरराष्ट्रीय रेडिओ केंद्राचा आकाशकही पाडला गेला. या अपघातावरून स्फूर्ती घेऊन ब्रिटनने मार्च १९४२ ते सप्टेंबर १९४४ या काळात जर्मनीच्या दिशेने ९९,१४२ स्वस्त बलून हेतुतः सोडले. त्यांपैकी ४५,५९९ बलूनना विद्युत् वाहिन्यांत मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) घडविण्यासाठी बारीक पोलादी तारा लावलेल्या होत्या आणि उरलेल्यांतून आग लावणारे पदार्थ नेण्यात आले. १२ जुलै १९४२ रोजी अशी एक तार लाइपसिकजवळील बलेन येथील उच्च दाबाच्या वाहिनीवर पडली. तेथील संरक्षक स्विच निकामी ठरल्याने आग लागली व विद्युत् केंद्र नष्ट झाले. जे युद्धात शस्त्र म्हणून वापरले गेले, तेच शांततेच्या काळात निष्काळजीपणाने घडू शकते, याची ही नोंद होय.

हौशी रेडिओ प्रेषकांचा वापर : महायुद्धानंतर शिल्लक सैनिकी साहित्यातील पतंग, बलून व तारा हौशी प्रेषकांच्या हाती आल्या. १.८ मेगॅहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांस सु. ४० मी. उभ्या तारेची गरज असते. स्पर्धेच्या एखाद्या रात्री, माळरानावरील शिबिरात किंवा दूरच्या बेटावरील मोहिमेत मनोऱ्याऐवजी बलून चढविणे त्यांना सोयीचे वाटू लागले. या शतकाच्या उंबरठ्यावर यूरोपातील हौशी प्रेषकांना १३६ किलोहर्ट्झच्या परिसरात प्रयोग करण्यास परवानगी मिळू लागली. २००७ मध्ये झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेने १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा हौशी सेवेस दिला. २०१२ च्या परिषदेने त्यात ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झची भर घातली. या पट्ट्यांत अंगणातील आकाशक फारच अकार्यक्षम ठरतो. त्यामुळे शंभर-दोनशे मीटर तार काही तासांसाठी का होईना वर नेण्याच्या जुन्या कल्पनेला पुन्हा उजाळा मिळाला.

बलूनच्या रचनेतही सुधारणा होत गेली. अमेरिकेतील डॉमिना जॅल्बर्ट यांनी १९४४ मध्ये ‘काइटून’ हा बलून व पतंग यांचा संयोग असलेला प्रकार तयार केला. इंग्लंडमध्ये १९९३ मध्ये पुढे आलेला ‘हेलिकाइट’ हा प्रकारही त्याच विचाराचा आहे. यात वायूच्या उचलशक्तीला वाऱ्याच्या उचलशक्तीची जोड मिळत असल्याने वारा पडला तरी तार खाली येत नाही व वाढला तरी जमिनीकडे दबत नाही. सिग्नल हिलवर दोन वेगळ्या साधनांनी जे साधले नव्हते, ते असे एकाच साधनात आणले गेले.

सुरक्षिततेचे नियम : वरील अनुभवांतून काही नियम रूढ झाले आहेत. त्यांपैकी पहिला नियम दोरी व तार यांची कामे वेगळी ठेवण्याचा होय. बलूनचा सर्व ताण नायलॉन, पॉलिएस्टर यांसारख्या मजबूत व निरोधक दोरीने पेलावा व तार तिच्या जोडीने सैल सोडावी. तारेनेच बलून बांधल्यास झटक्याने तार तुटते आणि सुटलेला बलून ती घेऊन निघून जातो. दोरी स्वतंत्र असल्यास तार तुटली तरी बलून ताब्यात राहतो. दोरी ओली व मळकट झाल्यास तिचा निरोधक गुण कमी होतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

दुसरा नियम तारेच्या वरच्या टोकाविषयी आहे. उभ्या चतुर्थांश-तरंग आकाशकात विद्युत् दाब वरच्या टोकाशी सर्वाधिक असतो व शक्तिशाली प्रेषकामुळे तेथे ठिणगी उडू शकते. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन अत्यल्प ऊर्जेच्या ठिणगीनेही पेटतो. म्हणून तारेचे टोक व बलून यांच्यामध्ये काही मीटर निरोधक दोरी ठेवतात आणि हायड्रोजनऐवजी अज्वलनशील हीलियम वापरतात. हीलियमची उचलशक्ती फक्त थोडीच कमी असल्याने या बदलात फारसे काही गमवावे लागत नाही. तथापि बंद खोलीत हीलियम साचल्यास प्राणवायूचे प्रमाण घटून गुदमरण्याचा धोका असतो, म्हणून बलून उघड्यावरच भरावा.

तिसरा नियम स्थिर विद्युतेचा आहे. निरभ्र हवेतही जमिनीजवळ उंचीच्या दर मीटरला सु. १०० व्होल्ट इतका वर्चस् फरक असतो. उडती धूळ, कोरडे हिम किंवा जवळ आलेला मेघ यांमुळे तो पुष्कळच वाढतो. जमिनीपासून निरोधित असलेल्या लांब तारेवर हा विद्युत् भार साचत जातो आणि हात लावणाऱ्यास जबर धक्का देतो वा ग्राहीची नाजूक मंडले जाळतो. तार उच्च मूल्याच्या रोधकातून किंवा गुंडाळीतून जमिनीशी कायम जोडलेली ठेवल्यास हा भार साचण्याऐवजी निचरून जातो. तडितेपासून मात्र या योजनेने संरक्षण मिळत नाही. मेघगर्जना ऐकू येण्याइतपत वादळ जवळ असल्यास आकाशक चढवू नये. तो चढविलेला असताना वादळ अचानक आल्यास तार गुंडाळण्याचा मोह टाळून माणसांनी तेथून दूर जावे. बलून पुन्हा आणता येतो. रिखमान यांचा अनुभव पुन्हा घेण्याचे कारण नाही.

चौथा नियम जागेचा होय. दोरी तुटली किंवा बलून वाऱ्याने आडवा झाला तरी तार ज्या वर्तुळात पडू शकेल, त्यात विद्युत् वाहक तारा, रस्ता वा रेल्वेमार्ग नसावा. तारेच्या पूर्ण लांबीहून अधिक अंतर सर्व दिशांना मोकळे असणे, ही किमान अट समजली जाते. मकर संक्रांतीच्या सुमारास वीजवाहक तारांत अडकलेला पतंग काढताना होणारे अपघात महाराष्ट्रात अपरिचित नाहीत. तेथे तर दोरी बहुधा सुताची असते. आकाशकाची तार पूर्णपणे धातूची असते. अडकलेली तार स्वतः ओढून काढू नये, वीजपुरवठा करणाऱ्यांस कळवावे.

पाचवा नियम विमानवाहतुकीचा आहे. बारीक तार वैमानिकाला दिसत नाही. अमेरिकेच्या नियमांनुसार सु. १.८ मी. हून अधिक व्यासाचा किंवा सु. ३.३ घ. मी. हून अधिक वायू मावणारा बद्ध बलून सु. १५० मी. (५०० फूट) पेक्षा उंच नेता येत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून सु. ८ किमी. च्या आत तो चढविता येत नाही. सु. ४६ मी. (१५० फूट) हून अधिक उंचीसाठी हवाई वाहतूक नियंत्रकांना २४ तास आधी सूचना द्यावी लागते. दोरीवर दिवसा ठराविक अंतरावर पताका व रात्री दिवे लावावे लागतात. बलून सुटल्यास त्यातील वायू आपोआप वेगाने बाहेर पडेल, अशी योजना त्यात असावी लागते. ब्रिटनमध्ये परवानगीवाचून सु. ६० मी. हून अधिक उंची गाठता येत नाही. भारतातील १९३४ च्या विमानविषयक कायद्यात ‘विमान’ या संज्ञेतच बद्ध व मुक्त बलून आणि पतंग यांचा समावेश करण्यात आला होता. त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ या कायद्याने घेतली. हौशी रेडिओ प्रेषणाचा परवाना हा रेडिओ तरंगांपुरता असतो. त्यामुळे तार हवेत नेण्यास वेगळी अनुज्ञा मिळत नाही व ती विमानवाहतूक प्राधिकरणाकडून घ्यावी लागते.

आकाशक चढविताना एकट्याने काम करू नये, हातमोजे वापरावेत, दोरी हाताला न गुंडाळता मजबूत रहाटावर घ्यावी आणि बलून वर असेपर्यंत त्यावर एका व्यक्तीने सतत लक्ष ठेवावे, हे नियम साधे असले तरी महत्त्वाचे आहेत. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने बलून खाली घेण्याचा निर्णय वारा असह्य होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. नंतर तो हातांच्या ताकदीपलीकडे जातो.

बलून-आधारित आकाशकाने मनोऱ्याची जागा घेतली नाही व घेण्याचा त्याचा दावाही नाही. जेथे मनोरा उभारण्यास वेळ, जागा किंवा पैसा नाही, तेथे काही तासांपुरती उंची देणे, हे त्याचे कार्य होय. १९०१ मध्ये एका पतंगाने व आधीच्या दिवशी गमावलेल्या एका बलूनने या साधनाचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही दाखवून दिल्या. पुढील शतकात त्या मर्यादा फारशा बदलल्या नाहीत. त्या ओळखून वागण्याची रीत मात्र तयार झाली.